सौद्याच्या पलीकडचा माणूस
प्रस्तावना

पावसला आज कुणीही हातातल्या मोबाइलवर निफ्टीचा वायदा घेऊ शकतो. रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे आणि हापूसमुळे. पण इथल्या बाजारपेठेत चहाला थांबलेल्या तरुणांच्या बोलण्यात ‘लॉट’, ‘एक्सपायरी’, ‘स्टॉपलॉस’ हे शब्द आता सहज येतात. त्यांच्यात कुणी बागेच्या कामावरचे असतात, कुणी रनपारच्या कारखान्यात पाळीने जाणारे, कुणी नोकरीच्या शोधात असलेले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच गावातून शंभर शेअर घ्यायचे म्हटलं तर मुंबईतला ओळखीचा चाकरमानी गाठावा लागे, त्याच्या ओळखीचा सब-दलाल गाठावा लागे, आणि काय भावाने खरेदी झाली ते आठ-पंधरा दिवसांनी पोस्टाने कळे.

मधल्या काळात जे बदललं त्याविषयी हे पुस्तक आहे. शेअरबाजाराच्या निर्देशांकावरचा वायदा रिंगणात आरडाओरडा करून खेळला काय आणि संगणकाच्या पडद्यावर जुळवला काय, करार तोच. मग फरक कशात पडतो? भावात, खर्चात, जोखमीत, की माणसाच्या वागण्यात? मी फोर्टातल्या एका पेढीवर उमेदवारी केली ती रिंगणाच्या अखेरच्या काळात. पडदा आला तेव्हा मी तिथेच होतो. आता बाग सांभाळण्यासाठी गावी येऊन राहिलो आहे, आणि गावातली मुलं हा प्रश्न मला वेगळ्या शब्दांत विचारतात: ‘आपण घेतो तेव्हा विकणारा कोण असतो?’ या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा याहून नेमका प्रश्न मला ठाऊक नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा. तो आकडा अमुक महिन्याच्या अखेरीस किती असेल यावर दोघांनी आज केलेला करार म्हणजे निर्देशांकाचा वायदा. मुदत भरली की कुणी कुणाला 50 कंपन्यांचे शेअर आणून देत नाही, फरकाची रक्कम रोखीने फिटते. 1982 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या धान्यबाजाराने असा पहिला करार आणला, आणि दोन महिन्यांत शिकागोत एस अँड पी 500 चा वायदा सुरू झाला. माल उचलायचाच नसल्यामुळे तो घ्यायला गोदाम लागत नाही की तराजू लागत नाही. लागतं ते मार्जिन, म्हणजे कराराच्या किमतीचा एक लहान हिस्सा अनामत म्हणून. सगळं सुख आणि सगळं दुःख त्या लहान हिश्श्यात आहे. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी 1,379 अंकांनी खाली बंद झाला. एका लॉटमध्ये, म्हणजे एका करारात, 75 नग धरले तर तेजी करून बसलेल्याला अशा एका दिवसात 1 लाख 3 हजारांच्या वर खिशातून काढावे लागतात. वायद्याचा भाव निर्देशांकाच्या थोडा मागेपुढे असतो, त्यामुळे आकड्यात उन्नीसबीस होईल, एवढंच.

आता रिंगण. दलाल स्ट्रीटवरच्या शेअरबाजारात दुपारी 12 ते 2 एवढाच अधिकृत व्यवहार चाले, आणि त्या दोन तासांत माणसांच्या अंगाला अंग लागलेलं असे. प्रत्येक शेअरची जागा ठरलेली. अमुक कोपऱ्यात टाटा स्टील, तमुक खांबापाशी रिलायन्स. तिथे तारवणीवाला उभा असे. हा घ्यायचा आणि द्यायचा असे दोन्ही भाव एका दमात ओरडणारा, दिवसभरात फिरवाफिरव करून फरकावर जगणारा धंदेवाला. त्याला आधी सांगायचं नसे की आपल्याला घ्यायचं आहे की विकायचं. कळलं की तो भाव सरकवे. म्हणून पेढीचा पोऱ्या चेहऱ्यावर काही दिसू न देता भाव विचारायला शिके, ते त्याचं पहिलं शिक्षण. सौदा ठरला की दोघे आपापल्या वहीत पेन्सिलीने टिपून घेत आणि पुढच्याकडे वळत. सही नाही, साक्षीदार नाही. संध्याकाळी दोन्ही पेढ्यांच्या वह्या ताडून पाहायच्या. एकाने 200 लिहिलेले आणि दुसऱ्याने 100, किंवा एकाच्या वहीत सौदाच नाही, असं झालं की तो ‘वांधा’. वांधे बहुतेक सामोपचाराने मिटत, कारण उद्या 12 वाजता पुन्हा त्याच खांबापाशी त्याच माणसासमोर उभं राहायचं असे. त्या जगात शब्दाला किंमत होती ती अशी रोजच्या गाठीभेटीतून आलेली. तिचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण ती किंमत रिंगणाच्या आतल्यांपुरती होती. पावसच्या गिऱ्हाइकाला मिळणारा भाव हा दिवसभरातल्या चढउतारातला नेमका कोणता, हे त्याला कळायची सोयच नव्हती. दिवसाचा वरचा भाव 212 आणि खालचा 204 असेल, तर घेणाऱ्याच्या पावतीवर 211 आणि विकणाऱ्याच्या पावतीवर 205 येऊ शके, आणि दोघांनाही ते खोटं आहे असं सिद्ध करता येत नसे. सौद्याची वेळच कुठे नोंदलेली नसे. आपल्याकडचा आंबा बागायतदार हे चटकन ओळखील. वाशीच्या बाजारात रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत कित्येक वर्षं चालत आली. पेटी कुणाची आहे तो पावसला, भाव ठरतो रुमालाखाली, आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी येते तीच खरी मानायची.

रिंगणात निर्देशांकाचा वायदा नव्हता, पण वायद्याचं काम करणारी एक वस्तू होती. तिचं नाव बदला. पंधरवड्याच्या वळणाला, म्हणजे हिशेब चुकता करायच्या दिवशी, खरेदीचे पैसे भरायचे नसतील तर सौदा पुढच्या वळणावर ओढायचा, आणि मधल्या काळासाठी पैसे लावणाऱ्याला व्याज द्यायचं. विकणाऱ्यांची गर्दी जास्त झाली आणि शेअरची टंचाई पडली की उलटा प्रकार होई आणि विकणाराच भरपाई देई. त्याला उंधा बदला म्हणत. शनिवारी बदल्याचा दर ठरे आणि त्या दरावरून तेजीवाले किती अंगावर घेऊन बसले आहेत याचा अंदाज बाजार बांधे. उधारीवर तेजी-मंदी करण्याची, मुदत पुढे ढकलण्याची, आणि ‘या वळणाला नाही तर पुढच्या वळणाला वसूल करू’ म्हणण्याची सवय आपल्या बाजाराला बदल्याने लावली. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 1993 च्या डिसेंबरमध्ये बदल्यावर बंदी घातली, पुढे बंधनं घालून तो परत येऊ दिला, आणि केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्यानंतर जुलै 2001 पासून तो कायमचा थांबला.

पडदा त्याआधीच आला होता. 1992 च्या हर्षद मेहता घोटाळ्यानंतर सरकारला आणि वित्तसंस्थांना जुन्या बाजाराच्या कारभाराची धास्ती वाटत होती. फेरवानी समितीने सुचवलेला नवा राष्ट्रीय शेअरबाजार (एनएसई) त्याच वर्षी नोंदला गेला, आणि 3 नोव्हेंबर 1994 ला तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले. रिंगण नाहीच, फक्त संगणक, आणि दलालांच्या गच्चीवर उपग्रहाशी बोलणाऱ्या तबकड्या. डॉ. रा. ह. पाटील आणि रवि नारायण यांच्यासारख्या मंडळींनी उभी केलेली ही यंत्रणा चालेल यावर दलाल स्ट्रीटवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. आमच्या पेढीवर तर ‘डोळ्यांत डोळे घातल्याशिवाय सौदा होतो का?’ असंच सगळे म्हणत. साधारण वर्षभरात एनएसईची उलाढाल मुंबई शेअरबाजाराच्या (बीएसईच्या) पुढे गेली. बीएसईने 1995 च्या मार्चमध्ये ‘बोल्ट’ ही आपली संगणकीय प्रणाली आणली, आणि काही महिन्यांत सव्वाशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या बाजाराचं रिंगण ओस पडलं.

पडद्याचा नियम दोन ओळींत सांगता येतो. ज्याचा भाव चांगला त्याचा सौदा आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा आधी. कोण कुणाचा जावई, कोण किती मोठ्याने ओरडतो, याला तिथे जागा नाही. प्रत्येक सौद्यावर तास, मिनिट, सेकंद छापलेला. रुमाल उचलला गेला तो इथे. पावसचा माणूस आणि नरिमन पॉइंटचा माणूस एकाच क्षणी एकच भाव पाहू लागले, आणि दलालाने मधल्या मधे मारलेले रुपये-दोन रुपये बंद झाले. मुंबईबाहेरच्या गुंतवणूकदारासाठी याहून मोठी गोष्ट त्याआधी घडली नव्हती, असं माझं मत आहे. रिंगणाबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

आता या पुस्तकाचा मुख्य मुद्दा. आपल्याकडे निर्देशांकाचा वायदा आला तो बीएसईवर 9 जून 2000 ला सेन्सेक्सचा आणि एनएसईवर 12 जून 2000 ला निफ्टीचा. डॉ. एल. सी. गुप्ता समितीने 1998 मध्ये वाट मोकळी केली होती, प्रा. जयंत वर्मा यांच्या गटाने मार्जिन कसं मोजायचं ते सांगितलं होतं, आणि 1999 च्या अखेरीस कायदा बदलला होता. म्हणजे करार आला तेव्हा रिंगण मोडून पाच वर्षं झाली होती. जगात बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा होता. हाँगकाँगचा हँगसेंग वायदा 1986 पासून रिंगणात खेळला जात होता, तो पडद्यावर गेला 2000 च्या जूनमध्येच, म्हणजे आपला जन्मला त्याच महिन्यात. शिकागोत 1997 च्या सप्टेंबरमध्ये लहान आकाराचा ‘ई-मिनी’ फक्त संगणकावर आला आणि त्याने शेजारच्या रिंगणातला मोठा करार हळूहळू गिळला. तिथल्या वायद्यांच्या (फ्युचर्सच्या) बहुतेक रिंगणांना 2015 मध्ये कुलूप लागलं. एस अँड पी 500 चं रिंगण त्यातूनही वाचलं होतं, ते मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे बंद झालं आणि पुन्हा उघडलं नाही. त्या लोकांनी एकच वस्तू आधी खांद्याला खांदा लावून हाताळली आणि मग पडद्यावर. त्यामुळे पडद्यावर काय दिसेनासं झालं याची त्यांना जाण होती. आपल्याकडे वायदा पडद्यावरच जन्मला. तो हाताळणाऱ्या पहिल्या पिढीजवळ बदल्याच्या सवयी होत्या, आणि आजच्या पिढीजवळ तेवढ्याही नाहीत. समोर कुणी आहे ही जाणीवच तिला कुणी दिलेली नाही. ती देणं, एवढंच या पुस्तकाला साधायचं आहे.

मात्र समोरचा दिसला म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. याचा सर्वांत बोलका दाखला सिंगापूरचा आहे, म्हणून पुस्तकात त्याला मोठं प्रकरण दिलं आहे. जपानच्या निक्केई 225 चा वायदा दोन ठिकाणी चाले. सिंगापूरच्या सायमेक्समध्ये 1986 पासून रिंगणात, आणि ओसाकात 1988 पासून संगणकावर. निर्देशांक एकच, वस्तू एकच, आणि दोन बाजारांतल्या भावात पडणारा बारीक फरक टिपणं हा बेअरिंग्ज या जुन्या ब्रिटिश बँकेच्या सिंगापूर शाखेचा धंदा. तिथल्या निक लीसनने मात्र 88888 क्रमांकाच्या खात्यात बेकायदा सौदे लपवले. 17 जानेवारी 1995 ला कोबेला भूकंप झाला, निक्केई कोसळला, आणि लीसन पडत्या भावात खरेदी वाढवत राहिला. हे सगळं भर रिंगणात, सर्वांच्या डोळ्यांदेखत. त्याच्या पेढीची माणसं अखंड घेत आहेत हे सायमेक्समधल्या पोऱ्यालाही दिसत होतं. सगळ्यांनी धरून चाललं की मागे कुणी तरी फार मोठं गिऱ्हाईक असणार. मागे कुणीच नव्हतं. फेब्रुवारी संपायच्या आत 82 कोटी पौंडांहून अधिक तोट्यात ती बँक बुडाली. रिंगणाला घेणारा दिसतो, तो कुणासाठी आणि कशाच्या बळावर घेतो ते दिसत नाही.

मग जोखीम अडवतं कोण? रिंगणही नाही आणि पडदाही नाही. तिसरीच संस्था ते काम करते, आणि मराठीत तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे. ती म्हणजे क्लिअरिंग. सौदा झाला की क्लिअरिंग संस्था मधे उभी राहते, घेणाऱ्याची विकणारी होते आणि विकणाऱ्याची घेणारी. मग रोज संध्याकाळी, त्या दिवसाच्या भावाने, हरलेल्याकडून पैसे घेऊन जिंकलेल्याला देते. एनएसईची अशी संस्था 1996 मध्ये सुरू झाली. तेव्हा ‘आपण घेतो तेव्हा विकणारा कोण?’ या प्रश्नाचं कायद्याच्या दृष्टीने उत्तर आहे क्लिअरिंग. समोरचा पळाला तरी आपले पैसे बुडत नाहीत, ते तिच्यामुळे.

ही संस्था कच्ची असेल तर काय होतं तेही बाजाराने पाहिलं आहे. 1987 च्या ऑक्टोबरात जग कोसळलं तेव्हा हाँगकाँगचा बाजार चार दिवस बंद ठेवावा लागला, कारण वायद्याची हमी घेणाऱ्या संस्थेजवळ हमी पुरवण्याएवढे पैसेच नव्हते. सरकार आणि बँकांनी पैसे ओतले, बाजार उघडला, आणि त्या एका दिवसात हँगसेंग एक तृतीयांश पडला. तिथे रिंगण होतं. 2001 च्या मार्चमध्ये कोलकात्याच्या शेअरबाजारात दलाल पैसे भरू शकले नाहीत आणि तो बाजार पुन्हा उभा राहिला नाही. तिथे संगणक होते. दोन्ही ठिकाणी वसुली ढिली होती. यंत्र नवं आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना मी कोलकात्याचं प्रकरण दोनदा वाचायला सांगेन.

पडद्याचे स्वतःचे असे अपघातही आहेत. 6 मे 2010 ला अमेरिकेत ई-मिनीचा भाव काही मिनिटांत घसरत गेला, तेव्हा बाजाराच्या यंत्रणेने फक्त पाच सेकंद व्यवहार थांबवले आणि घसरण थांबली. आपल्याकडे 5 ऑक्टोबर 2012 ला एका दलाली संस्थेच्या चुकीच्या ऑर्डरींनी निफ्टी क्षणभरात 15 टक्क्यांहून जास्त खाली ओढला. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई सकाळी पावणेबाराच्या सुमारास बंद पडली ती दुपारी उशिरा उघडली. याचा तपशील पुस्तकात आहे. इथे एवढंच सांगतो की 1987 ची पडझड रिंगणाच्या काळातली आहे, आणि त्या दिवशी शिकागोचा एस अँड पी वायदा खुद्द निर्देशांकाहूनही जास्त पडला होता. तेव्हा पडझडीचं खापर यंत्रावर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

वेगाचं मात्र बोलायला हवं, कारण गावातली मुलं तोच मुद्दा पुढे करतात. मोठ्या संस्थांचे संगणक आज शेअरबाजाराच्याच इमारतीत, भाडं भरून, बाजाराच्या यंत्राशेजारी बसतात आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात उत्तर देतात. पावसहून निघालेली ऑर्डर टॉवर, ॲप, दलालाचा सर्व्हर असं करत मुंबईला पोचेपर्यंत त्यांचं काम होऊन गेलेलं असतं. तारवणीवाल्याची जागा या यंत्राने घेतली आहे. तोही दोन्हीकडचे भाव देतो, तोही फरकावर जगतो, आणि त्याच्यामुळेच आपल्याला हवं तेव्हा घेता-विकता येतं. पण दिवसभर, आठवडाभर करार धरून बसणाऱ्याला काही मिलिसेकंदांनी फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते दर काही मिनिटांनी त्या यंत्राशी खेळायला गेल्यामुळे. ‘वेगात मागे पडलो म्हणून हरलो’ हे कारण मनाला बरं वाटतं, आणि म्हणून ते मला घातक वाटतं.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतले आकडे या दृष्टीने वाचावेत. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला, एकूण 1 लाख 80 हजार कोटींहून जास्त. त्याच काळात दलाली, कर आणि इतर खर्चापोटी त्यांनी सुमारे 50 हजार कोटी मोजले. यांतले बहुसंख्य लोक मोठ्या 30 शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले आणि तालुक्यांतले. दुसऱ्या बाजूला परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या पेढ्यांनी नफा कमावला, आणि तो बहुतेक सगळा यंत्राने चालवलेल्या सौद्यांतून आला. पावसच्या मुलांच्या प्रश्नाचं दुसरं, खरं उत्तर हे आहे. कायद्याने समोर क्लिअरिंग असते, पण नफा-तोट्याच्या हिशेबात समोर बहुतेक वेळा असतो तो हाच धंदा पूर्णवेळ, पगारी माणसं आणि महागडी यंत्रं लावून करणारा. रिंगणात तो समोर उभा असता, त्याचे कपडे, त्याची घाई, त्याची सवय दिसली असती, तर आपल्यातले कितीतरी जण दारातूनच परतले असते. पडद्यावर दोघांच्याही ऑर्डरी सारख्याच दिसतात. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून कराराचं किमान मूल्य 15 लाखांवर नेलं आणि आठवड्याच्या एक्सपायऱ्यांना लगाम घातला, तो रिंगणाच्या दाराचा उंबरठा थोडा परत बसवण्याचाच प्रयत्न आहे. मला तो योग्य वाटतो.

पण हेही ध्यानात घ्यायला हवं की ही 93 टक्क्यांची गोष्ट आपल्याला कळली ती पडद्यामुळे. प्रत्येक सौदा, प्रत्येक खातं, प्रत्येक रुपया नोंदलेला आहे म्हणून ही मोजणी करता आली. बदल्याच्या काळात किती पोऱ्यांनी, किती सब-दलालांनी, किती चाकरमान्यांनी गावची जमीन विकून वळणाचे पैसे भरले, याची नोंद कुठेच नाही. ती पेन्सिलीच्या वह्यांबरोबर रद्दीत गेली. म्हणून या पुस्तकात मी रिंगणाच्या काळातली हानी आणि पडद्याच्या काळातली हानी यांची तुलना कुठेही केलेली नाही. एकीकडे आकडे आहेत आणि दुसरीकडे फक्त आठवणी.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला रिंगणाचा, दुसरा क्लिअरिंग आणि मार्जिनचा, तिसरा पडद्याचा. दुसरा भाग गणिताचा आहे आणि तो ओलांडून पुढे जायचा मोह होईल. तसं करू नये. ज्याला निफ्टीचा एकही लॉट घ्यायचा आहे त्याने त्या भागातली उदाहरणं कागद-पेन्सिल घेऊन सोडवावीत आणि आपल्या घरात रोख किती आहे तो आकडा त्यात घालून पाहावा. ज्याला घ्यायचा नाही त्यानेही सोडवावीत, कारण घरातलं कुणी तरी घेत असण्याची शक्यता आता पावसलाही बरीच आहे.

पावस, जि. रत्नागिरी